तिखट जीभ, मऊ जीभ : आपल्या चुलीचा थोडा इतिहास

मंडळाच्या स्नेहभोजनात दरवर्षी एक देखावा ठरलेला असतो. आमटी एकाच पातेल्यातली, वाढणारा हातही एकच; पण पंगतीत एक भगिनी ‘जरा बेताचीच झाली हो’ म्हणून शेंगदाण्याची चटणी मागून घेते, दुसरी मिटक्या मारीत जेवते आणि तिसरी पदराने डोळे पुसत ताकाची वाटी शोधते. मग थट्टा सुरू होते. जी डोळे पुसते तिला ‘गोडघाशी’ हे नाव मिळते आणि जी चटणी मागते ती कौतुकाला पात्र ठरते. तिखट खाणे हा जणू मराठवाड्याच्या रक्ताचा गुण आणि तिखट न सोसणे हा माणसाचा कमकुवतपणा, असे आपण धरून चालतो.

हे कितपत खरे आहे, याचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा लेख. इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. परंतु चुलीलाही इतिहास आहे, आणि तो लिहून ठेवण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही. कारण चुलीपुढे बसणाऱ्यांच्या हाती बहुधा पळी होती, लेखणी नव्हती.

आरंभ शब्दांपासून करू. संस्कृतात सहा रस सांगितले आहेत : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. आपण सहज समजतो की कटु म्हणजे कडू आणि तिक्त म्हणजे तिखट. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आयुर्वेदातील कटु रस म्हणजे तिखट. सुंठ, मिरे आणि पिंपळी ही त्याची मुख्य उदाहरणे, म्हणून या तिघींच्या चूर्णाला ‘त्रिकटु’ म्हणतात. तिक्त म्हणजे कडुनिंबाचा कडूपणा. मराठीत येताना ‘कटु’चे ‘कडू’ झाले आणि अर्थ पालटला. झणझणीतपणासाठी ‘तीक्ष्ण’ शब्दाच्या कुळातील ‘तिखट’ रूढ झाले. या त्रिकटूत मिरचीचा पत्ता नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता ‘मिरची’ हाच शब्द पाहा. मूळ वस्तू ‘मिरे’, संस्कृतात ‘मरीच’. नवी वस्तू आली, ती मिऱ्यासारखीच झोंबते असे दिसले, आणि जुन्याच नावाला प्रत्यय लावून तिचे बारसे झाले. हे केवळ मराठीतच झाले असे नव्हे. धर्माबाद-बिलोलीपलीकडच्या तेलुगू भाषेत मिऱ्याला ‘मिरियालु’ आणि मिरचीला ‘मिरपकाय’ म्हणतात. उदगीर-निलंग्यापलीकडच्या कन्नडात मिरे म्हणजे ‘मेणसु’ आणि मिरची म्हणजे ‘मेणसिनकायी’, अर्थात मिऱ्याचे फळ. उर्दूत काळी मिर्च आणि लाल मिर्च. आपल्या भोवतालच्या तिन्ही भाषांनी एकच साक्ष द्यावी, याहून अधिक पुरावा कोणता? मिरची ही सर्वांकडे पाहुणी म्हणूनच आली.

ती येण्यापूर्वी आपल्याकडचे लोक काय खात होते, हे सांगणारा एक ग्रंथ आपल्या अगदी जवळ निर्माण झाला आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेले कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, तो इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्यात राजाच्या भोजनावर स्वतंत्र प्रकरण आहे. मांडे आहेत, वडे आहेत, डाळींचे व मांसाचे अनेक प्रकार आहेत. फोडणीला हिंग, जिरे, आले, मिरे, हळद, सैंधव ही सामग्री आहे. मिरची मात्र नाही, आणि ती असणे शक्यही नव्हते. पुढे अकबराच्या दरबारात १५९० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘आइन-ए-अकबरी’तही बादशाही मुदपाकखान्याच्या जिनसांत मिरे, आले, लवंग, दालचिनी सापडतात, मिरची नाही.

म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या पाकशाळेत मिरची नव्हती. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली, तेव्हा कोणाही मराठी माणसाने मिरची पाहिलेली नव्हती. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात अतितिखट, अतिखारट, अतिउष्ण अन्न राजस म्हणून सांगितले आहे; तो तिखटपणाही मिरे, पिंपळी, मोहरी यांचाच. आपण ज्याला ‘वाडवडिलांपासूनचे’ तिखट म्हणतो, त्याचे वय जास्तीत जास्त पाचशे वर्षांचे आहे.

मिरचीचे माहेर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा अमेरिकेचा प्रदेश. तेथील लोक हजारो वर्षे तिची लागवड करीत होते. १४९२ साली कोलंबस मिऱ्याच्या देशाचा शोध घेत निघाला आणि पोचला अमेरिकेस. तेथे त्याला मिऱ्याऐवजी मिरची भेटली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. त्यांच्या गलबतांतून ही वनस्पती आपल्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे एके काळी तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत, ते याच वाटेचे स्मरण.

किनाऱ्यावरून घाट चढून ती देशावर पसरली याचे कारण मात्र पोर्तुगीज नव्हेत. ते कारण आपल्या गरिबीत आहे. मिऱ्याचा वेल मलबारच्या ओल्या, सावलीच्या डोंगरात वाढतो. तो आपल्या काळ्या रानात येत नाही. मिरे नेहमी विकतच घ्यावे लागले, आणि ते श्रीमंताच्या घरीही जपून वापरले जात. मिरचीचे रोप परसात, मोरीच्या पाण्यावरही येते. ती वाळवून वर्षभर टिकते. तिच्या चिमूटभर पुडीने गाडगेभर आमटीला चव येते. ज्याच्या घरी तूप नाही, भाजी नाही, त्यालाही ज्वारीची कोरडी भाकरी घशाखाली उतरवता येईल असे साधन पहिल्यांदा फुकटात मिळाले. ठेचा, खर्डा, कारळाची चटणी, जवसाची चटणी ही आपली भूषणे खरी. परंतु त्यांतील कित्येकांचा जन्म कालवणाच्या अभावातून झाला, हे विसरू नये.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या फडक्यात काय बांधलेले असे, हे ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावयास नको. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि मीठ-मिरची. कामावर मिळणारी सुकडी हाच काय तो गोडवा. अशा घरातील मूल तिखट खावयास शिकले ते शौर्य म्हणून नव्हे. दुसरे काही पानात नव्हते म्हणून शिकले.

पाहुणी एकदा घरात शिरली की घरचीच होते. चैत्र-वैशाखात अंगणात मिरच्यांचे तांबडे वाळवण, देठे खुडावयास जमलेल्या शेजारणी, मुसळाचा आवाज, शिंका आणि हसणे हे आपल्या उन्हाळ्याचे चित्र आहे. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तर लाल मिरचीची पेठ म्हणूनच नावाजले. लेकराची दृष्ट काढताना आपण मीठ-मोहऱ्यांबरोबर मिरच्या ओवाळतो आणि दारावर लिंबू-मिरची टांगतो. परदेशाहून आलेले फळ आपल्या घराचे राखणदार झाले! उपासाचा फराळ घ्या : साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची. यांतील प्रत्येक जिन्नस मुळात अमेरिका खंडातील वनस्पतीपासून येतो. आपली एकादशी सोवळ्यात पाळली जाते खरी, पण तिचे ताट सातासमुद्रापलीकडून भरलेले आहे.

तथापि जुने पुरते गेले नाही. घरात कोणी आजारी पडले की मिरची बाजूला होते आणि मऊ भातावर मिरपूड येते. काढ्याला सुंठ-मिरे-पिंपळीच लागते. बाळंतिणीच्या ताटातही मिरची हात आखडूनच पडते. शरीर नाजूक झाले की आपली आजी नकळत मिरचीच्या आधीच्या काळात परत जाते.

आता आपल्या भागाकडे वळू. १७२४ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा आसफजाही राज्यात होता. त्यामुळे आपल्या चुलीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि हैदराबादी अशा चार हवा वाहिल्या. नांदेडच्या पूर्वेकडील गावांत चिंचेचा आणि लाल तिखटाचा हात सढळ. शहरात खिचडी-खट्ट्याची ओळख पुष्कळ घरांना आहे. त्याच नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, आणि महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधविला. तेथील लंगरमध्ये कोणत्याही प्रांताच्या, कोणत्याही जातीच्या माणसाने पंगतीत बसावे आणि दाल-रोटी सर्वांना सोसेल अशी असावी, ही रीत. ज्याला सर्वांना वाढावयाचे आहे, तो तिखटाचा हात बेतानेच ठेवतो.

लातूरकडे येसरची आमटी झणझणीत असते. पण त्याच लातूरची वेळ अमावस्या पाहा. मार्गशीर्षातील अमावस्येला घरदार शेतावर जाते, आणि तेथे मुख्य मान कोणाला? अनेक भाज्या आणि दाणे घातलेल्या भज्जीला आणि ताक-ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीला. दोन्ही पदार्थ सौम्य. लेकरू असो, दात पडलेली आजी असो, दुरून आलेला पाहुणा असो, आंबिलीचा वाडगा कोणाला परत करावा लागत नाही. म्हणजे मराठवाड्याची जीभ केवळ तिखटाची, हा समज आपणच पसरविलेला आहे.

१९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बदल्यांच्या निमित्ताने पुण्या-कोकणाकडची कुटुंबे इकडे आली, इकडच्या मुली तिकडे गेल्या. गुळाच्या आमटीत वाढलेल्या सुना येसरच्या घरी आल्या. आमच्या ओळखीतील अशी एक सून पहिल्या दिवाळीपर्यंत रोज भाकरी पाण्यात बुडवून खात असे. विचारले तर म्हणे, ‘मला अशीच आवडते.’ घरच्यांना खरे कारण कळावयास तीन वर्षे लागली. तोवर तिला पोटाचे दुखणे जडले होते.

येथे इतिहास संपत नाही. येथून शरीराचा प्रश्न सुरू होतो. एकाला सोसते ते दुसऱ्याला का सोसत नाही? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न विचारला होता. चरकसंहितेत ‘सात्म्य’ हा विचार आहे. जे ज्याला मानवते ते त्याचे सात्म्य. आणि रोजच्या सवयीने जे मानवू लागते ते ‘ओकसात्म्य’. त्याच ग्रंथात पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन वस्तू अति सेवन करू नयेत असे बजावले आहे. कोणत्या प्रदेशातील लोक अतिशय मीठ खातात हे सांगून, असे अंगवळणी पडलेलेही हळूहळू सोडावे, असा सल्ला दिला आहे. सवय ही शक्ती आहे, पण ती नेहमी हिताचीच असते असे नाही, हे चरकाला ठाऊक होते.

आधुनिक शास्त्राने त्यात मोलाची भर घातली. मिरचीतील झोंबणाऱ्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजण्याची युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जावयाचे आणि चाखणाऱ्या मंडळींना तो कळेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजावयाचे. त्या मापाने शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाख भरते. पण यंत्र म्हणून त्याने वापरली माणसाचीच जीभ, आणि जिभा सारख्या नसल्याने एकाच मिरचीचे आकडे निरनिराळे येत. त्याची अडचण तीच, जी आपल्या पंगतीत दिसते.

खरी उकल १९९७ मध्ये झाली. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंवरील जो ग्राहक कॅप्सेसिनला प्रतिसाद देतो तो शोधून काढला. तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही ओळखतो. म्हणजे तिखट ही मुळात चवच नव्हे. ती भाजल्याची वर्दी आहे. तोंड खरोखर भाजत नाही, पण मेंदूला निरोप मात्र भाजल्याचाच जातो. घाम, पाणावलेले डोळे, वाहणारे नाक ही त्या निरोपाची उत्तरे. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह विभागून मिळाले. पक्ष्यांच्या अंगी हा ग्राहक असतो, पण कॅप्सेसिन त्याला जागे करीत नाही. आपला मिठू हिरवी मिरची कचाकचा खातो, त्यात त्याचा पराक्रम काहीच नाही.

याच ज्ञानाने आजीच्या उपायांचाही उलगडा होतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन आग शमत नाही आणि दूध-दह्याने शमते. ठेच्यावर तेल, झुणक्याबरोबर दही, मिरच्या खुडून झोंबणाऱ्या हातांना तेल चोळणे, हे सारे शास्त्र आपल्या घरी नाव न देता चालत आले आहे.

आता माणसामाणसांतील फरक. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले सवय : वारंवार तिखट खाल्ले की तंतू बधिर होत जातात, आणि खाणे सोडले की ती बधिरता ओसरते. दुसरे जन्मजात घडण : फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात (२०१२) तिखटाच्या आवडीनिवडीतील फरकाचा काही भाग आनुवंशिक असल्याचे दिसून आले. कडू चवीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड उडाली. जवळचा सहकारी म्हणाला, ‘किती कडू!’ फॉक्सला काहीच चव लागेना. दोघेही खरे बोलत होते. पुढे कळले की जगभर साधारण दहांपैकी सात जणांना ती कडू लागते आणि उरलेल्यांना लागत नाही. २००३ मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. तिसरे वय आणि प्रकृती : लेकराची जीभ कोवळी, तोंड आलेल्याची हुळहुळी, पित्त झालेल्याचे पोट वेगळे. मुलगा कोथिंबिरीचे पान बाजूला काढतो तेव्हा तो नखरे करतो असे आपण म्हणतो. काही माणसांना त्या पानाला खरोखरच साबणासारखा वास येतो.

भगिनींनो, दुसऱ्याच्या जिभेवर काय घडते हे आपल्याला कधीही कळत नाही. त्यासाठी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. आणि घरात हा विश्वास सर्वांत कमी कोणाच्या वाट्याला येतो? घरधन्याला आमटी अळणी लागली तर ती पुन्हा चुलीवर चढते. सासूबाईंना तिखट लागली तर दुसऱ्या दिवशी हात आवरला जातो. सर्वांची पाने उठल्यावर जी जेवावयास बसते, तिला काय सोसते हे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नव्हती. पातेल्याचा तिखटपणा घरातील सर्वांत टणक जिभेने ठरवावा आणि सर्वांत मऊ जिभेने निमूट गिळावा, हा आपल्या चुलीचा अलिखित कायदा. हाच कायदा आपणही पुढे चालविला आहे. नव्या सुनेला पहिल्या जेवणात मुद्दाम ठेचा वाढून गंमत पाहणाऱ्यांत आपणच असतो.

मिरचीचा हा प्रवास पाहिल्यावर अभिमानाला जागा उरते, पण ती निराळी. परक्या देशातून आलेल्या एका झोंबऱ्या फळाला घेऊन, हाती काही नसताना, आपल्या आजी-पणजींनी चटण्यांचे केवढे भांडार उभे केले, याचा अभिमान धरावा. डोळ्यांत पाणी न येण्याचा अभिमान धरण्यासारखे काही नाही. ती सवयीची आणि शरीराची देणगी आहे.

म्हणून या वर्धापनदिनी एक साधी सूचना करते. आपल्या स्नेहभोजनात यापुढे आमटी बेताची करावी, आणि ठेचा, खर्डा, चटणी ही पानाच्या डाव्या बाजूला, त्यांच्या हक्काच्या जागी, ज्याची त्याने हवी तितकी घ्यावी म्हणून ठेवावी. पानाची डावी बाजू आपल्या पूर्वजांनी याचसाठी तर राखून ठेवली आहे! मिरची आत गेली की काढता येत नाही. बाहेर ठेवली तर घेता येते. आणि घरी गेल्यावर आज रात्री एक प्रश्न अवश्य विचारावा. सर्वांत शेवटी जेवणारीला विचारावा, आणि ती आपणच असलो तर स्वतःला विचारावा : ‘तुला कसे लागते?’